बोर्मिओचे सुवर्ण कोणाचे?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली सर्बियाच्या बास्केटबॉल संघाने कांस्य जिंकले तेव्हा त्याचे प्रशिक्षक स्वेतिस्लाव पेशिच पंचाहत्तरीला टेकले होते. मथळ्यांत ते आले पुरुष संघाचे प्रशिक्षक म्हणून. नाव मात्र झाले होते ज्युनिअर पोरांच्या जोरावर.

सारायेवोच्या क्लबकडून १९७९ मध्ये खेळाडू म्हणून युरोपियन चषक, १९८३ मध्ये त्याच क्लबचे प्रशिक्षक म्हणून युगोस्लाव लीग. मग आले १९८७, इटलीतले बोर्मिओ आणि ज्युनिअर विश्वस्पर्धा. अमेरिकेला त्यांच्या युगोस्लाव पोरांनी दोनदा हरवले. साखळीत ११०-९५, अंतिम सामन्यात ८६-७६. साखळी सामन्यात क्रोएशियातल्या स्प्लिटच्या टोनी कुकोच या डावखुऱ्याने १२ थ्री-पॉइंटर मारले, त्यातले ११ रिंगमध्ये. दोन मीटरहून उंच पोरगा, पण त्याला रिंगखाली डांबून ठेवले नव्हते. श्रेय क्लबांचेही आहेच. तरी एवढे हुशार खेळाडू एका संघात नांदवणे हे प्रशिक्षकाचेच काम.

पुढे वाद झाला तो या सुवर्णाच्या मालकीचा. संघात बेलग्रेडचे होते तसे स्प्लिटचे, माँटेनेग्रोतल्या तितोग्राडचेही (आजचे पोडगोरित्सा). चार वर्षांत देशच फुटला. स्प्लिटची पोरे क्रोएशियाकडून १९९२चे ऑलिंपिक रौप्य घेऊन आली. १९९५ला अथेन्समध्ये युरोपियन सुवर्ण उरलेल्या युगोस्लाव्हियाला मिळाले, तेव्हा कांस्यविजेता क्रोएशियाचा संघ व्यासपीठावरून सरळ उतरून गेला. दोन्ही बाजूंना बोर्मिओचे सोबती होते. बेलग्रेडमध्ये ते पदक आजही आपल्याच परंपरेत धरतात. त्यांचे चुकते असे नाही, पण अर्धा संघ दुसऱ्यांचा होता हे सांगताना आवाज जरा खाली येतो.

प्रशिक्षक या भांडणापासून लांब होते. १९८७लाच त्यांनी जर्मनीचा राष्ट्रीय संघ घेतला आणि १९९३ला म्युनिकमध्ये रशियाला ७१-७० हरवून युरोपियन विजेतेपद मिळवून दिले. सात वर्षे बर्लिनच्या क्लबात काढली, १९९५चा कोराच चषक ही युरोपातील क्लबांची स्पर्धा जिंकली. २००२ला इंडियानापोलिसमध्ये 'युगोस्लाव्हिया' नावाच्या, पण प्रत्यक्षात फक्त सर्बिया-माँटेनेग्रोच्या संघाला त्यांनी विश्वविजेते केले. बोर्मिओतला सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) व्लादे दिवाच, आता चौतिशीचा, याही संघात होता.

२०२३ला मनिलात विश्वचषकाचा अंतिम सामना सर्बियाने ८३-७७ असा गमावला. समोर जर्मनीच होती. वर्षभराने पॅरिसमध्ये कांस्यपदकाच्या लढतीत तिलाच ९३-८३ हरवले.