सैंधवाचा खडा, शेंगतेल आणि २८२ पिकोमीटर

मिठात सोडियमचा आयन (विद्युतभार असलेला अणू) आणि शेजारचा क्लोराइड आयन यांच्यात अंतर किती? केंद्रापासून केंद्रापर्यंत २८२ पिकोमीटर (एक पिकोमीटर म्हणजे १०⁻¹² मीटर). बारावीला केमिस्ट्रीत सॉलिड स्टेटच्या धड्यात असली गणितं येतात, आमच्या सांगलीत विश्रामबागच्या क्लासेसमधली पोरं फॉर्म्युला घोकून मार्कही मिळवतात, पण हे अंतर स्वयंपाकघरात बसून काढता येतं हे त्यांना कुणी सांगतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी रचना बघू. बुद्धिबळाचा पट घ्या (बुद्धिबळपटू भाग्यश्री ठिपसेंच्या गावात पट समजावून सांगायची गरज नाही), पांढरं घर सोडियम, काळं घर क्लोराइड. त्यावर दुसरा पट ठेवा पण रंग उलटे, मग तिसरा, असं चढवत जा. झाला मिठाचा स्फटिक. आता हत्ती एक घर सरकला की विरुद्ध आयन, तेच आपलं २८२, आणि वरखाली धरून असे शेजारी ६. उंट एक घर तिरका गेला की त्याच जातीचा आयन, अंतर २८२ गुणिले वर्गमूळ २, म्हणजे ३९९, हे शेजारी १२. ह्या दोन चाली कळल्या की अर्धा धडा कळला.

आता मोजमाप. सैंधवाचा स्वच्छ खडा वजन करा आणि मेजरिंग कपात शेंगतेल घेऊन त्यात बुडवा, तेल किती चढलं ते बघा. पाणी नको, मीठ विरघळेल, आणि बारीक मीठही नको कारण दाण्यांमध्ये हवा असते. वजन भागिले आकारमान म्हणजे घनता, शुद्ध मिठाची साधारण २.१६५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. एक मोल (केमिस्ट्रीतलं कण मोजायचं एकक) मीठ ५८.४४ ग्रॅम, म्हणजे जागा २७ घन सेंटिमीटर. त्यात ६.०२२ × १०²³ सोडियम आणि तेवढेच क्लोराइड, प्रत्येक आयनाच्या वाट्याला एक छोटा घन, आणि त्याची कड म्हणजेच आपलं अंतर. २७ ला दोन्ही आयनांच्या एकूण संख्येने भागून घनमूळ काढा, २.८२ × १०⁻⁸ सेंटिमीटर. तेच २८२ पिकोमीटर!

आणि समजा तेलाचं वाचन चुकलं, ५० ग्रॅमच्या खड्याला २३ ऐवजी २५ मिली आलं, तर उत्तर येतं २९० च्या आसपास. आकारमानात ८ टक्के चूक पण अंतरात ३ टक्केही नाही, कारण घनमूळ चूक तिपटीने कमी करतं. मला यातलं हे सगळ्यात जास्त आवडतं.

१९१३ मध्ये ब्रॅग या शास्त्रज्ञ बापलेकांनी मिठाच्या बाबतीत हेच गणित केलं. घनतेवरून अंतर काढलं, त्यावरून एक्स-रेची तरंगलांबी काढली, मग तेच एक्स-रे वापरून इतर स्फटिक मोजले. १९१५ चं नोबेल दोघांना मिळालं, लेक तेव्हा २५ वर्षांचा. तरी १९२७ मध्ये आर्मस्ट्राँग नावाचे ज्येष्ठ केमिस्ट 'नेचर'मध्ये चिडून लिहीत होते की मिठात रेणू नाही आणि नुसता बुद्धिबळाचा पट आहे हे पटत नाही म्हणून.

फक्त सिझियम क्लोराइडला हा पट लावू नका. तिथे घनाच्या कोपऱ्यांवर एक आयन आणि बरोबर मध्ये दुसरा, शेजारी ८, त्यामुळे अंतर घनाच्या आरपार कर्णाच्या निम्मं असतं. कड ४१२ पिकोमीटर, कर्ण ७१४, अंतर ३५७.