लिहिलं कधी, वाजलं कधी

सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचच्या रेकॉर्डींच्या माहितीपत्रकात काही रचनांपुढे दोन सालं दिसतात: एक लिहून झाल्याचं, दुसरं पहिल्यांदा वाजल्याचं. चौथी सिम्फनी (पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) १९३६ आणि १९६१. व्हायोलिनचा पहिला कॉन्चेर्टो (एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) १९४८ आणि १९५५. ज्यू लोककवितांवरची गीतमालिका, तिचीही सालं हीच. सोव्हिएत काळातलं संगीत समजून घ्यायचं तर या मधल्या वर्षांत काय घडलं ते आधी पाहावं, असं माझं मत आहे.

१९१७ च्या क्रांतीनंतर संगीतकार रखमानिनॉव्ह देश सोडून गेला, स्ट्राविन्स्की आधीच बाहेर होता, १९१८ मध्ये प्रोकोफिएव्हही गेला. मागे राहिलेल्यांना विसाचं दशक तसं मोकळं गेलं. लेनिनग्राडमध्ये १९२७ साली आल्बान बेर्गचा 'वोझेक' हा ऑपेराही झाला. मग २३ एप्रिल १९३२ च्या ठरावाने कलावंतांच्या सगळ्या जुन्या संघटना बरखास्त झाल्या आणि प्रत्येक कलेला एकच अधिकृत संघ उरला. अनेक संगीतकारांना तेव्हा हायसं वाटलं, कारण 'सर्वहारा' (कामगारवर्गाच्या नावाने बोलणाऱ्या) संगीतकारांच्या संघटनेने त्यांना भंडावून सोडलं होतं. पण एकच संघ म्हणजे दाद मागायलाही एकच दार, हे पुढे कळलं.

शोस्ताकोविचचा 'म्त्सेन्स्क जिल्ह्याची लेडी मॅकबेथ' हा ऑपेरा जानेवारी १९३४ मध्ये आला आणि दोन वर्षं तुफान चालला. २६ जानेवारी १९३६ ला स्टालिन तो बघायला मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरात आला आणि शेवटापर्यंत थांबला नाही. दोन दिवसांनी पक्षाच्या 'प्रावदा' या वृत्तपत्रात 'संगीताऐवजी गोंधळ' हा बिननावाचा लेख आला. शोस्ताकोविच तेव्हा कार्यक्रमासाठी दूर उत्तरेला अर्खांगेल्स्कला होता. अंक त्याच्या हाती पडला तो तिथेच. हा खेळ फार वाईट रीतीने संपू शकतो, असा इशारा त्या लेखात होता. वय २९. ऑपेरा रंगमंचावरून उतरला.

चौथी सिम्फनी तेव्हा अर्धीअधिक लिहून झाली होती. त्याने ती त्याच बेदरकारपणे पुरी केली, वाद्यवृंद-संचालक फ्रिट्झ श्टीड्रीच्या हाताखाली तालमीही सुरू झाल्या आणि डिसेंबरमध्ये ती मागे घेतली गेली. मूळ स्वरलिपी युद्धात हरवली. पुढे वादकांचे सुटे कागद जुळवून ती पुन्हा उभी केली आणि ३० डिसेंबर १९६१ ला किरिल कोन्द्राशिनच्या संचालनाखाली मॉस्कोत वाजली. तोवर १९३७ मध्ये वाजलेली पाचवी सिम्फनी जगभर पोचून प्रतिष्ठित झाली होती. त्यामुळे पाचवी कशाच्या जागी आली होती, हे श्रोत्यांना चोवीस वर्षांनी ऐकायला मिळालं.

बंडखोरीचाच हा परिणाम, असं मात्र समजू नये. १९३६ मध्ये मायदेशी स्थायिक झालेल्या प्रोकोफिएव्हने क्रांतीच्या विसाव्या वर्धापनदिनासाठी मार्क्स, लेनिन, स्टालिन यांच्याच शब्दांवर गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठी भलामोठा कँटाटा रचला. तोही नको झाला! १९६६ मध्ये तो वाजला तेव्हा स्टालिनचे शब्द गाळावे लागले.

सरकारला हवं असलं की अंतर आपोआप मिटायचं. सातवी सिम्फनी डिसेंबर १९४१ मध्ये पुरी झाली, मार्चमध्ये कुइबिशेव्हला वाजली आणि ९ ऑगस्ट १९४२ ला जर्मन वेढ्यात उपाशी पडलेल्या लेनिनग्राडमध्येही. कार्ल एलियासबर्गच्या तिथल्या रेडिओ वाद्यवृंदात मोजकेच वादक उरले होते. लष्करातून माणसं आणून जागा भरल्या.

दुसरा तडाखा जानेवारी १९४८ मध्ये सुरू झाला. निमित्त संगीतकार मुरादेलीच्या 'थोर मैत्री' या ऑपेराचं. त्यात लेझगिंका या कॉकेशसच्या लोकनृत्याच्या ओळखीच्या चालीऐवजी त्याने स्वतःची चाल घातली होती आणि स्टालिनला ती आवडली नाही. १० फेब्रुवारीच्या पक्षाच्या ठरावात मात्र शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियान, म्यास्कोव्स्की, शेबालिन, पोपोव्ह अशी पहिल्या फळीतली नावं 'रूपवादी' (म्हणजे लोकांना न कळणाऱ्या रचनाप्रयोगांत रमणारे) म्हणून आली. चार दिवसांनी रचनांवर बंदीची यादी निघाली. शोस्ताकोविचची अध्यापनाची कामंही गेली. याच काळात व्हायोलिनचा कॉन्चेर्टो आणि गीतमालिका कपाटात गेल्या. उघडपणे लिहायला उरलं ते चित्रपटसंगीत आणि 'वनांचं गीत'सारखी सरकारी स्तुती. त्या स्तुतीला स्टालिन पारितोषिक मिळालं.

मार्च १९४९ मध्ये स्टालिनचा फोन आला: न्यूयॉर्कच्या शांतता परिषदेला जा. शोस्ताकोविच म्हणाला, माझं संगीत तिथे वाजतं, इथे वाजत नाही. विचारलं तर काय सांगू? १६ मार्चला बंदीचा हुकूम रद्द झाला. ठराव कायम राहिला.

५ मार्च १९५३ ला स्टालिन आणि प्रोकोफिएव्ह एकाच दिवशी गेले. त्या वर्षअखेरीस शोस्ताकोविचचं पाचवं आणि चौथं क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना), मग दहावी सिम्फनी अशी रांगच लागली. व्हायोलिनवादक ओइस्त्राखने १९५५ मध्ये कॉन्चेर्टो वाजवला आणि १९५८ मध्ये पक्षाने जुन्या ठरावातली टीका अन्याय्य होती असं मान्य केलं.

बंदी उठली तरी हस्तक्षेप थांबला नाही. कीव्हजवळच्या बाबी यार इथे नाझींनी केलेल्या ज्यू हत्याकांडावरच्या येव्तुशेन्कोच्या कवितेने सुरू होणारी तेरावी सिम्फनी १९६२ च्या उन्हाळ्यात लिहून झाली आणि १८ डिसेंबरला वाजलीही. पण वाद्यवृंद-संचालक म्राविन्स्कीने आधीच अंग काढून घेतलं होतं आणि ठरलेला गायक ऐनवेळी आला नाही. पुढच्या प्रयोगांसाठी कवीला काही ओळी बदलाव्या लागल्या. शोस्ताकोविचने संगीतातला एकही सूर बदलला नाही.