दर पाडला की रांग का लांबते?

घरगुती यंत्रं दुरुस्त करणारा एकटा माणूस डोळ्यांसमोर आणा. धंदा नवा, हात दोनच. एका कामाला सरासरी तासभर लागतो आणि दिवसातला 60 टक्के वेळ तो कामात असतो. उरलेला वेळ फोन कधी वाजतोय याची वाट बघण्यात जातो. अशा रिकाम्या वेळी डोक्यात पहिला विचार येतो तो दर पाडण्याचा. स्वस्तात केलं की दुसऱ्याची गिऱ्हाइकं आपल्याकडे वळतील!

वळतीलही. पण हिशेब मांडून बघू. एका कामाचे 100 मिळतात, त्यातले 40 सुटे भाग आणि जाण्यायेण्यात जातात, 60 हातात उरतात. दर 20 टक्क्यांनी उतरवला तर 80 मिळतील, खर्च मात्र 40 च राहील. म्हणजे हातात 40. आधीइतकीच कमाई हवी असेल तर दीडपट कामं करावी लागतील आणि 60 टक्के व्यस्त असलेला माणूस 90 टक्के व्यस्त होईल. वेळ भरला, कमाई तेवढीच. नुकसान कुठे झालं?

ते गिऱ्हाइकाच्या वाट बघण्यात झालं. रांगेच्या गणिताचा पाया आग्नर क्रारुप एरलांग या डॅनिश गणितज्ञाने घातला. तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता आणि किती कॉल आले तर किती लाइनी लागतील, या प्रश्नावरचा त्याचा पहिला लेख 1909 चा. या गणितातलं सगळ्यात साधं सूत्र तोंडी करता येतं. व्यस्त वेळेला रिकाम्या वेळेने भागायचं आणि एका कामाच्या वेळेने गुणायचं. येईल तेवढा वेळ गिऱ्हाइकाला सरासरी थांबावं लागतं.

60 भागिले 40, म्हणजे दीड तास. 90 भागिले 10, म्हणजे नऊ तास! काम दीडपट झालं, ताटकळणं सहापट. आठ तासांचा दिवस धरला तर आज बोलावणाऱ्याचा नंबर उद्यावर गेला. (सूत्रात कुणी कंटाळून निघून जात नाही. प्रत्यक्षात जातात, आणि जाताना चार जणांना सांगूनही जातात.)

असं होतं कारण गिऱ्हाइकं घड्याळ लावून येत नाहीत. कधी दोन तास कुणी नाही, कधी एकदम तिघं. सकाळी फुकट गेलेला तास डब्यात भरून संध्याकाळी वापरता येत नाही. आपण ज्याला रिकामा वेळ म्हणतो, तोच अचानक आलेली गर्दी पोटात घेत असतो. तो विकून टाकला की गर्दी ओसरायला जागाच राहत नाही.

मोठ्या कंपनीचं मात्र तसं नाही. दहा कारागीर, सगळ्यांची मिळून एकच रांग, प्रत्येक जण 90 टक्के व्यस्त. तरीही एरलांगच्याच गणिताने तिथलं सरासरी थांबणं जेमतेम 40 मिनिटांचं येतं, कारण दहांपैकी कुणी ना कुणी मोकळा होतच असतो. स्वस्त आणि तत्पर, दोन्ही एकदम असणं मोठ्यांना जमतं. एकट्याला ते गणितच करू देत नाही. त्यात समोरच्यानेही दर उतरवला तर? फ्रेंच गणितज्ञ जोसेफ बर्ट्रांड यांनी 1883 मध्येच दाखवलं होतं की, सारख्याच मालावर निव्वळ दराची चढाओढ लागली की दर घसरत घसरत खर्चाला टेकतो.

व्यवस्थापनाचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांनी 1980 साली स्पर्धेच्या तीन वाटा सांगितल्या: सगळ्यात कमी खर्च, वेगळेपण आणि एखाद्या छोट्या गटावर भर. लहान धंद्याला तिसरी वाट सुचवली जाते ती बहुतेकदा ‘तिथे स्पर्धा कमी असते’ या कारणाने. मला त्याहून महत्त्वाचं कारण रांगेतच दिसतं.

फेलिक्स पोलाचेक यांनी 1930 मध्ये आणि अलेक्सांद्र खिंचिन यांनी 1932 मध्ये, या दोन गणितज्ञांनी, जे सूत्र मांडलं, त्यानुसार थांबण्याचा वेळ कामाच्या सरासरीवर जसा अवलंबून असतो, तसाच कामांमधल्या चढउतारावरही. आपला कारागीर मिळेल ते काम घेतो तेव्हा एक यंत्र दहा मिनिटांत सुटतं, दुसरं तीन तास खातं आणि मागचे सगळे अडकतात. तो एकाच प्रकारची यंत्रं घेऊ लागला आणि प्रत्येक काम जवळपास सारखाच वेळ घेऊ लागलं, तर थांबणं निम्म्यावर येतं. 60 टक्के व्यस्ततेला दीड तासाऐवजी पाऊण तास. दर एक टक्काही न पाडता हा एकटा माणूस दहा जणांच्या कंपनीच्या जवळ जाऊन पोचतो! शिवाय तेच ते काम करून हात बसतो तो फायदा वेगळाच.

असा एकाच प्रकारच्या कामाचा कोपरा पकडायचा तर किंमत मोजावी लागतेच. रशियन जीवशास्त्रज्ञ गॉझ याने 1934 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकपेशीय पॅरामीशियमच्या दोन जाती एकाच नळीत, एकाच अन्नावर ठेवल्या, तेव्हा एक जात संपली. दुसऱ्या एका जोडीतली एक जात वर तरंगणाऱ्या जिवाणूंवर आणि दुसरी तळाशी बसलेल्या यीस्टवर जगू लागली. दोघी टिकल्या, पण नळीत एकटी असताना जेवढी वाढली असती तेवढी कुणीच वाढली नाही. धंद्यातही कोपरा पकडला की गिऱ्हाइकांचा घेर आटतो आणि 60 टक्के टिकवायला पूर्वीपेक्षा लांबून कामं आणावी लागतात. प्रवास वाढला की 40 चा खर्च 45 होतो. तो परवडत नसेल तर कोपरा चुकला.

तेव्हा कोपरा आवडीवरून ठरवू नये. महिनाभर प्रत्येक कामापुढे दोनच गोष्टी लिहाव्यात: यंत्र कोणतं आणि मिनिटं किती. मग एकेका यंत्राचे आकडे वेगळे काढून बघायचे. ज्या यंत्रापुढे 50, 55, 60, 50 असे आकडे दिसतील, ते काम ठेवायचं. 20, 150, 35, 90 दिसले तर त्या कामाचे पैसे कितीही बरे वाटोत, ते दुसऱ्याकडे धाडायचं. स्पर्धक असला तरी चालेल, खरं तर त्याच्याकडेच.