कमोडोर १५४१

कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी अमेरिकेच्या कमोडोर कंपनीने १९८२ मध्ये आणलेला, केबलने बाहेरून जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह. त्यात ५¼ इंची फ्लॉपी चाले. एका बाजूवर ३५ ट्रॅक (एकात एक असलेले गोल पट्टे) आणि त्यांत २५६ बाइटांचे ६८३ ब्लॉक, म्हणजे सुमारे १७० किलोबाइट मजकूर मावे. बाहेरचे ट्रॅक लांबीने मोठे असल्यामुळे त्यांत २१ सेक्टर (म्हणजे हेच ब्लॉक) बसवलेले होते, तर आतल्या ट्रॅकांत १७ च. वाचणारे-लिहिणारे हेड एकच असल्याने दुसरी बाजू वापरायची तर फ्लॉपीच्या कडेला खाच पाडून ती उलटी घालावी लागे, आणि लोक सर्रास तसे करत.

हा ड्राइव्ह स्वतःच एक छोटा संगणक होता. त्यात ६५०२ प्रोसेसर, २ किलोबाइट रॅम आणि १६ किलोबाइट रॉम होती. फायलींची यादी ठेवणे, मोकळे ब्लॉक शोधणे ही कामे तोच करी. संगणकाने फक्त फाइलीचे नाव सांगायचे. एवढे असूनही वेग सेकंदाला जेमतेम ४०० बाइट! खोट तबकडीत नव्हती, तारेत होती. आधीच्या व्हिक-२० संगणकातील ६५२२ चिपच्या शिफ्ट रजिस्टरमधील (बिट एकामागून एक आपोआप पाठवणाऱ्या भागातील) दोषामुळे एकेक बिट सॉफ्टवेअरने पाठवण्याची पद्धत आली. पुढे कमोडोर ६४ ची चित्रचिप मधूनमधून प्रोसेसरला थांबवू लागली, म्हणून ती पद्धत आणखी संथ करावी लागली.

उपायही ड्राइव्हच्या त्या स्वतंत्र मेंदूतूनच निघाला. त्याच्या रॅममध्ये आपला प्रोग्रॅम चढवता येई. दोन्ही टोकांना नवी, चपळ देवाणघेवाण बसवणारे ‘फास्टलोडर’ मग गेममध्ये आणि कार्ट्रिजवर (संगणकाच्या खाचेत खोचायच्या डबीवर) येऊ लागले. ‘एपिक्स फास्ट लोड’ हे त्यांतले गाजलेले कार्ट्रिज.

खडखडाट ही १५४१ ची खास ओळख. शून्य ट्रॅक, म्हणजे सर्वांत बाहेरचा ट्रॅक, ओळखणारा सेन्सरच नसल्याने, ठिकाण चुकले की हेड मागे नेत नेत अडसरावर आपटले जाई. गेमची नक्कल होऊ नये म्हणून काही प्रकाशक फ्लॉपीवर मुद्दाम चुका ठेवत. त्यामुळे विकत घेतलेला अस्सल गेमही ड्राइव्हला ठोकरा खायला लावी. अशा ठोकरांनी हेडची जुळणी बिघडे. वीजपुरवठा पेटीच्या आतच असल्याने ड्राइव्ह तापेही फार. १९८८ च्या सुमाराच्या १५४१-२ मध्ये वीजपुरवठा पेटीबाहेर काढण्यात आला.