पान नव्हे, पेर लावा

मनी प्लँटचे एखादे टवटवीत पान देठासकट खुडून बाटलीतल्या पाण्यात ठेवले, तर ते महिनोन्‌महिने हिरवेगार राहते. कधीकधी देठाला पांढरी मुळेही फुटतात. पण दुसरे पान येत नाही, वर्षभर वाट पाहिली तरी येत नाही. देठाला डोळा नसतो, आणि डोळ्याशिवाय नवा कोंब फुटणार कुठून?

हा डोळा पाहायचा असेल तर वेल हातात घ्या आणि पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो ती जागा निरखा. उसासारखेच इथेही पेर असते. देठाच्या बगलेत बारीकसा फुगवटा दिसतो, तो डोळा. त्याच पेरावर तपकिरी, बोथट टोकाचे हवाई मूळ असते. पान, डोळा आणि मूळ ही तिन्ही एकाच पेरावर असल्यामुळे एका पेराचा तुकडाही नवे झाड व्हायला पुरतो. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, मिरीचे वेल लावणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. तेही पेरे मोजूनच तुकडे करतात.

वेलीवर असेपर्यंत हा डोळा निजलेला असतो. शेंड्याकडून ऑक्सिन नावाचे संजीवक खाली वाहत असते आणि त्याच्यामुळे खालचे डोळे दबून राहतात. तुकडा कापला की शेंड्याचा धाक संपतो. शिवाय तुकड्यातले ऑक्सिन खाली येऊन कापाशी अडते, साचते आणि तिथल्या पेशींना मुळे करायला लावते. पेरावरचे हवाई मूळ तर आधीच तयार असते, ओल मिळताच ते वाढू लागते.

मनी प्लँटचा सारा संसार या पेरांवरच चालला आहे. ही वेल मूळची प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरची. ती आपणहून फुललेली शेवटची ज्ञात नोंद १९६४ सालची आहे. फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संजीवक तिच्यात पुरेसे तयारच होत नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले. फूल नाही म्हणजे बी नाही. घराघरांतले मनी प्लँट हे कुणीतरी कापून दिलेल्या तुकड्यांचेच वंशज.

गोव्यात कटिंग लावायला मृगापासूनचा पावसाळा उत्तम. हवा दमट असल्याने पानातून पाणी कमी उडते, आणि मुळे येईपर्यंत बिनमुळाच्या तुकड्याला तेच हवे असते. दोन पेरांचा निरोगी, पट्टेदार पानांचा तुकडा घ्या. अगदीच पांढऱ्या पानांचा नको, त्यात हरितद्रव्य नसल्याने तो स्वतःचे अन्न करू शकत नाही. कात्री स्पिरिटने पुसून खालच्या पेराच्या २ ते ३ सेंटिमीटर खाली कापा. मनी प्लँट हे अळूच्या कुळातले. रसात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे हाताला खाज सुटू शकते. मुले आणि मांजर-कुत्री यांच्या तोंडात पाने जाऊ देऊ नका.

पाण्यात लावायचे असेल तर खालचे पान काढा आणि फक्त खालचे पेर बुडेल एवढेच पाणी ठेवा. बाटली गळ्यापर्यंत भरणे ही नेहमीची चूक. मुळांनाही प्राणवायू लागतो, आणि पाणी जितके गरम तितका तो कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. म्हणून मे महिन्यात उन्हातल्या खिडकीत ठेवलेले कटिंग आधी मऊ पडते, मग कुजते. जागा उजेडाची हवी, पण थेट उन्हाची नको. बुडखा तपकिरी होऊन वास येऊ लागला तर कडक हिरवा भाग लागेपर्यंत वर कापा, बाटली धुऊन नव्या पाण्यात ठेवा.

पाणी दर ४-५ दिवसांनी बदलायलाच हवे. डेंगीचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. तो अंडी घालतो ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, काचेला चिकटवून. नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत, आतली बाजू ब्रशने घासावी लागते.

दोनतीन आठवड्यांत मुळे येतात. ती ४-५ सेंटिमीटरची झाली की कुंडीत हलवा. अधिक थांबलात तर नुकसानच, कारण पाण्यातली मुळे ठिसूळ असतात आणि मातीत गेल्यावर झाडाला पुन्हा नवी मुळे करावी लागतात. पहिले दोन आठवडे माती ओलसर ठेवा. पावसाळ्यात तर थेट कुंडीतच लावणे मला जास्त पसंत आहे: दोन भाग कोकोपीट, एक भाग जाडी वाळू, एक भाग जुने शेणखत. वाळू नदीची घ्या. समुद्रावरची खारट असते आणि मीठ कोवळी मुळे करपवते. कोकोपीटऐवजी घरच्या सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालीचा, भुसा वापरणार असाल तर चारपाच दिवस भिजवा, रोज पाणी बदला, म्हणजे त्यातले क्षार आणि तुरटपणा निघून जाईल. कुंडी पागोळ्यांखाली मात्र ठेवू नका. जुलैत तिथे मातीतली हवा पार निघून जाते आणि चांगले रुजलेले झाडही आठवड्यात पिवळे पडते.

वेल जमली की तिला सोडण बांधलेल्या काठीवर चढवा. लोंबती वेल तळहाताएवढी पाने देते. माडावर चढलेल्या त्याच वेलीची पाने हातभर होऊन कातरल्यासारखी फाटतात.

छाटलेले तुकडे कुंपणापलीकडे फेकू नका. पावसात पडलेले एक पेरही रुजते, आणि श्रीलंकेसारख्या देशांत ही वेल अशीच रानात शिरून उपद्रवी ठरली आहे. तुकडे उन्हात खडखडीत वाळवा, मगच खतात टाका.