लर्निंग लायसन्सवर एकट्याने गाडी चालवता येते का?

‘लर्निंग मिळालं ना, मग सहा महिने बिनधास्त चालव. फक्त मागे लाल एल चिकटव.’ हा सल्ला घरोघरी ऐकू येतो आणि व्हॉट्सॲपवरही फिरतो. परीक्षा देऊन सरकारी कागद हातात पडला की तसं वाटणं स्वाभाविकच आहे.

पण हा परवाना शिकण्यासाठी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 3 पाहा. त्यात परवान्याबरोबर आणखी दोन अटी आहेत. त्या वाहनाचं वैध लायसन्स असलेली व्यक्ती सोबत हवी, आणि तीही गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेली. म्हणजे मागच्या सीटवर डुलकी घेणारे काका चालत नाहीत! दुसरी अट एलची: पांढऱ्यावर लाल अक्षर, पुढे आणि मागे दोन्हीकडे. पाटी किमान 18 सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान 10 सेंटिमीटर उंच. दुचाकीवर शिकवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला बसवता येत नाही. मैत्रिणीला कॉलेजात सोडणं त्यात बसत नाही.

मग सहा महिन्यांचं काय? ती परवान्याची मुदत. पक्क्या लायसन्सची चाचणी 30 दिवसांनंतर देता येते, त्यामुळे मुदत संपेपर्यंत थांबायची गरज नाही.

खात्री करायची तर फार शोधावं लागत नाही. लर्निंग लायसन्सचा नमुना 3 नीट वाचा. सोबत परवानाधारक आणि दोन्हीकडे एल, ही सूचना त्या कागदावरच असते. बारीक अक्षरांमुळे ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते.