विद्यापीठाचा मुख्य माहिती अधिकारी

मोठ्या सार्वजनिक विद्यापीठातील संगणकजाळे, विदा (डेटा), संगणकीय सेवा आणि त्यांची पुढच्या काही वर्षांची आखणी यांची जबाबदारी असलेला वरिष्ठ पदाधिकारी. अमेरिकेत हे पद ‘सीआयओ’ या नावाने ओळखले जाते आणि तिथल्या बऱ्याच सार्वजनिक विद्यापीठांत ते उपाध्यक्षाच्या दर्जाचे असते. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ‘माहिती अधिकारी’ म्हटल्यावर माहितीच्या अधिकाराखालील अर्जांना उत्तरे देणारा माणूस येतो. त्या कामाचा या पदाशी संबंध नाही. विद्यार्थ्याच्या खोलीतले वायफाय, प्राध्यापकाच्या संशोधनाची विदा, नोकरांचा पगार, प्रवेशअर्ज, गुणपत्रके हे सगळे ज्या यंत्रणेवर चालते ती चालू ठेवणे, आणि ती कधी बदलायची, कोणाच्या पैशाने बदलायची हे ठरवणे, हे याचे काम.

कंपनीतल्या अशाच पदापेक्षा हे पद अवघड आहे. कंपनीत कोणते लॅपटॉप घ्यायचे, कोणते सॉफ्टवेअर वापरायचे हे वरून सांगता येते. विद्यापीठात प्राध्यापक स्वतःचे संशोधन-अनुदान आणतो, त्यातून स्वतःचा सर्व्हर घेतो आणि तो प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात टेबलाखाली ठेवतो. त्याला ‘हे चालणार नाही’ असे सांगण्याचा अधिकार कागदावर असला, तरी तो वापरणे परवडत नाही. त्यामुळे या पदावरच्या माणसाला हुकूम सोडण्यापेक्षा समजूत घालण्याचे काम जास्त पडते. कोणती गोष्ट सगळ्यांची सामाईक असावी आणि कोणती ज्याची त्याच्याकडे राहू द्यावी, हा त्याच्यापुढचा रोजचा प्रश्न. बाकीचे प्रश्न याच प्रश्नाचे फाटे आहेत.

या पदाची वाटचाल पाहायला मिशिगन विद्यापीठाचे उदाहरण सोयीचे. १८१७ मध्ये स्थापन झालेले आणि १८३७ पासून अ‍ॅन आर्बर गावात असलेले हे विद्यापीठ चालवणाऱ्या मंडळाचे आठ सदस्य राज्यातील मतदार थेट निवडून देतात. अ‍ॅन आर्बरमध्ये १९ शाखा आणि ५० हजारांहून अधिक विद्यार्थी, शिवाय डिअरबॉर्न आणि फ्लिंट इथली दोन संकुले आणि एक भलेमोठे रुग्णालय, असा हा पसारा आहे.

१९६० च्या दशकात विद्यापीठाच्या संगणक केंद्राच्या संचालकाचे मुख्य काम म्हणजे एकाच महागड्या यंत्राचा वेळ सगळ्यांना वाटून देणे. आयबीएमचे ३६०/६७ हे यंत्र मिशिगनने घेतले, पण अनेकांनी एकाच वेळी वापरण्यासाठी आयबीएमने कबूल केलेली प्रणाली वेळेवर तयार झाली नाही. तेव्हा विद्यापीठातल्या लोकांनी स्वतःची प्रणाली लिहिली. ‘एमटीएस’ नावाने ती १९६७ पासून चालू झाली आणि पुढे इतर विद्यापीठांनीही घेतली. याच सुमारास, १९६६ मध्ये, मिशिगन, मिशिगन स्टेट आणि वेन स्टेट या तीन सार्वजनिक विद्यापीठांनी आपापले संगणक जोडण्यासाठी ‘मेरिट’ ही संस्था काढली. फुटबॉलच्या मैदानावर मिशिगन आणि मिशिगन स्टेट यांचे वैर किती जुने आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या भागीदारीचे अप्रूप वाटेल.

व्यक्तिगत संगणक टेबलाटेबलावर आले आणि यंत्राचा वेळ वाटण्याचे काम संपले. मिशिगनने १९८४ मध्ये डग्लस व्हॅन हौवेलिंग यांना माहिती तंत्रज्ञानाचे उपप्रोव्होस्ट नेमले. प्रोव्होस्ट म्हणजे विद्यापीठाचा शैक्षणिक कारभार पाहणारा प्रमुख. संगणकाचा प्रश्न आता तळघरातल्या केंद्राचा राहिला नसून अभ्यासक्रम आणि अंदाजपत्रकाचा झाला आहे, ही कबुली त्या नेमणुकीत होती. नोव्हेंबर १९८७ मध्ये मेरिट, आयबीएम, एमसीआय ही दूरध्वनी कंपनी आणि मिशिगन राज्य यांच्या गटाला अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या ‘एनएसएफनेट’ या जाळ्याचा कणा, म्हणजे त्याची मुख्य वाहिनी, उभारून चालवण्याचे काम मिळाले. जुलै १९८८ मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला दीड मेगाबिट होता. आज वसतिगृहातला एक विद्यार्थी एवढ्या वेगात चित्रपट पाहायला तयार होणार नाही, पण तेव्हा देशभरातली संशोधन केंद्रे त्यावर जोडली गेली. अ‍ॅन आर्बरमधून त्यावर रात्रंदिवस देखरेख होत असे. १९९५ मध्ये हा कणा बंद करून इंटरनेट खासगी कंपन्यांच्या हाती गेले. सार्वजनिक विद्यापीठाचा संगणक विभाग देशाच्या पायाभूत सोयी चालवू शकतो, हे त्या सात वर्षांत दिसले. व्हॅन हौवेलिंग पुढे ‘इंटरनेट२’ या विद्यापीठांच्या संघटनेचे प्रमुख झाले.

जाळ्याएवढाच महत्त्वाचा, पण कमी बोलला जाणारा विषय म्हणजे ओळख. मिशिगनमध्ये प्रत्येकाला तीन ते आठ अक्षरांचे एक नाव मिळते, त्याला ‘युनिकनेम’ म्हणतात. ईमेलचा पत्ता त्यावरूनच बनतो, सगळीकडे लॉगिनही त्यानेच होते. अशा लाखो नोंदींतून एक नोंद झटक्यात शोधण्याची गरज होती. अशा गरजेतून ‘एलडॅप’ हा प्रोटोकॉल, म्हणजे नोंदींच्या यादीतून माहिती मागण्याची संगणकांची ठरलेली पद्धत, पुढे आला. १९९३ मध्ये त्याचा पहिला मसुदा लिहिणाऱ्यांत मिशिगन विद्यापीठाचे टिम होव्ज होते. आज जगभरच्या कार्यालयांत सकाळी पासवर्ड टाकून संगणक उघडणाऱ्या असंख्य माणसांचा त्याच्याशी नकळत संबंध येतो.

ओळख हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण तो विद्यापीठाच्या स्वभावाचा प्रश्न आहे. कंपनीत माणूस एकतर नोकर असतो किंवा नसतो. विद्यापीठात एकच व्यक्ती सकाळी विद्यार्थी, दुपारी पगारी अध्यापन साहाय्यक आणि संध्याकाळी विद्यापीठाच्याच रुग्णालयातली रुग्ण असू शकते. निवृत्त प्राध्यापकाला ग्रंथालय हवे असते, माजी विद्यार्थ्याला जुना ईमेल, सहा महिन्यांसाठी आलेल्या पाहुण्या संशोधकाला महासंगणक. कोणाचे दार कधी उघडायचे हे ठरवणे सोपे जाते. ते कधी बंद करायचे यावर मात्र समित्यांच्या बैठका झडतात.

पैशाची बाजूही अशीच गुंतागुंतीची आहे. मिशिगनमध्ये मध्यवर्ती विभाग आहे, त्याशिवाय अभियांत्रिकीसारख्या मोठ्या शाखांचे स्वतःचे संगणक विभाग आहेत आणि रुग्णालयाचा वेगळाच. मध्यवर्ती विभाग काही सेवा सगळ्यांना फुकट देतो आणि काहींचे बिल शाखांना पाठवतो. बिल आले की शाखेचा अधिष्ठाता विचारतो, ‘हे आम्ही बाहेरून स्वस्तात का घेऊ नये?’ मग कोणीतरी विभागाच्या क्रेडिट कार्डावर एखादी सेवा परस्पर घेतो. या चोरवाटेला या व्यवसायात ‘शॅडो आयटी’ म्हणतात. चांगला मुख्य अधिकारी अशी वाट दिसली की दंड ठोठावण्याआधी आपली सेवा कुठे कमी पडली हे पाहतो. निदान पाहायला हवे.

सॉफ्टवेअर स्वतः घडवावे की विकत घ्यावे, या वादात विद्यापीठांनी गेल्या पंचवीस वर्षांत बरेच हेलकावे खाल्ले. २००४ मध्ये मिशिगन, इंडियाना, एमआयटी आणि स्टॅनफर्ड यांनी एकत्र येऊन वर्गातले पाठ, गृहपाठ आणि गुण सांभाळणारी ‘साकाई’ ही मुक्तस्रोत (कोणालाही फुकट वापरता आणि बदलता येणारी) प्रणाली घडवायला घेतली. मिशिगनच्या आधीच्या प्रणालीचे नाव ‘शेफ’ होते, म्हणून नवीला दूरचित्रवाणीवरच्या पाककला स्पर्धेतल्या हिरोयुकी साकाई या जपानी शेफचे नाव दिले गेले. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, मिशिगन, इंडियाना, फ्लोरिडा आणि कोलोरॅडो स्टेट यांनी ‘युनिझिन’ हा संघ काढला आणि ‘कॅनव्हास’ ही बाजारातली प्रणाली स्वीकारली. घडवण्याचा अभिमान मोठा, पण ती रोज चालवण्याचा खर्च त्याहून मोठा ठरला.

विकत, किंवा फुकट, घेण्याचाही एक धडा मिळाला. अनेक विद्यापीठांनी आपले ईमेल सर्व्हर बंद करून गूगलच्या शैक्षणिक सेवा घेतल्या, कारण त्यात साठा अमर्याद होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ही सवलत संपत असल्याचे जाहीर केले आणि प्रत्येक संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मूळ मर्यादा घातली. संशोधनाची विदा वर्षानुवर्षे तिथे टाकणाऱ्या मोठ्या विद्यापीठांत मग ‘कोणाच्या फाइली हलवायच्या’ याची शोधमोहीम सुरू झाली. कायमचे आपल्या हातात ठेवायचे ते स्वतःच सांभाळावे, याचे उलट उदाहरणही मिशिगनमध्येच आहे. गूगलने विद्यापीठांच्या ग्रंथालयांतली पुस्तके स्कॅन केली, त्यांच्या प्रती एकत्र जपण्यासाठी २००८ मध्ये ‘हाथीट्रस्ट’ स्थापन झाला. नाव थेट हिंदीतल्या हत्तीवरून, कारण हत्ती काही विसरत नाही अशी समजूत आहे.

कायद्यांचे ओझेही याच खुर्चीवर येऊन पडते. विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी १९७४ चा ‘फेर्पा’, रुग्णांच्या माहितीसाठी १९९६ चा ‘हिपा’ असे वेगवेगळे कायदे एकाच जाळ्यावरच्या वेगवेगळ्या फाइलींना लागू होतात. त्यात विद्यापीठ हे स्वभावाने उघडे घर. जगभरातून माणसे येतात, आपापली यंत्रे जोडतात. चोरालाही ते सोयीचेच.

ऑगस्ट २०२३ मध्ये मिशिगनमध्ये हे सगळे एकाच आठवड्यात दिसले. तेव्हा माहिती तंत्रज्ञानाचे उपाध्यक्ष होते रवी पेंडसे. मराठी वाचकाला आडनाव ओळखीचे वाटेल. उस्मानिया विद्यापीठातून पदवी, विचिटा स्टेटमधून डॉक्टरेट, तिथे आणि पुढे ब्राउन विद्यापीठात याच कामाचा अनुभव घेऊन ते २०१८ मध्ये मिशिगनला आले. त्या महिन्याच्या २१ तारखेला विद्यापीठाने ‘यू-एम जीपीटी’ आणि त्यासोबतची कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सगळ्या विद्यार्थी-शिक्षकांसाठी खुली केली. त्यात टाकलेली माहिती बाहेरच्या कंपन्यांच्या प्रारूपांना (मॉडेलना) शिकवायला जाणार नाही, अशी हमी होती. इतर विद्यापीठे अजून ‘चॅटजीपीटीवर बंदी घालावी का’ यावर चर्चा करत होती.

दोनच दिवसांनी, २३ ऑगस्टला, कोणीतरी परका जाळ्यात शिरला. २७ तारखेला, रविवारी दुपारी, विद्यापीठाने स्वतःच आपले जाळे इंटरनेटपासून तोडले. दुसऱ्या दिवशी नव्या सत्राचा पहिला दिवस होता. हजारो नवे विद्यार्थी वर्गाची खोली शोधत होते आणि वेळापत्रक फोनवर उघडत नव्हते. बाहेरच्या जाळ्यावरून किंवा मोबाइल डेटावरून कॅनव्हास आणि गूगलसारख्या क्लाउड सेवा काही प्रमाणात वापरता येत होत्या. ज्या सेवा बाहेर दिल्याबद्दल टीका होत असते, त्यांनीच त्या दिवशी वर्ग चालू ठेवले. उशिरा नावनोंदणीचे शुल्क त्या महिन्यापुरते माफ झाले. ३० तारखेला इंटरनेट परत जोडले गेले, नंतर सगळ्यांना पासवर्ड बदलावे लागले. चौकशीअंती ऑक्टोबरमध्ये जाहीर झाले की विद्यार्थी, अर्जदार, माजी विद्यार्थी, देणगीदार, कर्मचारी आणि काही रुग्ण यांची माहिती परक्याच्या हाती लागली असावी. सुमारे २ लाख ३० हजार लोकांना तसे कळवावे लागले. सत्राच्या आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने बटण बंद करायचे, हा निर्णय कोणत्याही धोरणाच्या कागदात आधी लिहून ठेवता येत नाही. पण कोणाच्या शब्दावर ते बंद होणार, हे मात्र आधीच ठरलेले असावे लागते. प्रत्येक शाखेचे दार वेगळे असते, तर तो रविवार बैठकांतच गेला असता.

महाराष्ट्रात या कामाचे वजन वेगळ्या ठिकाणी आहे. इथली मोठी सार्वजनिक विद्यापीठे शेकडो संलग्न महाविद्यालयांची असतात. बहुतेक विद्यार्थ्यांचा विद्यापीठाशी संबंध येतो तो पीआरएन (कायम नोंदणी) क्रमांक, परीक्षा-अर्ज, हॉल तिकीट आणि निकाल यांपुरता. वसतिगृहातले वायफाय बंद पडले तर बातमी होत नाही, निकाल रखडला तर होते. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचे ठरवले. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका, नव्या पद्धतीला न सरावलेले परीक्षक आणि ऐन परीक्षेच्या हंगामातली सुरुवात, असे सगळे जुळून आले. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, परदेशी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांची ओढाताण झाली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. पडद्यावर तपासणी ही कल्पना वाईट नव्हती. सगळ्या शाखा एकाच वर्षी त्यावर नेणे हे धोरणाचे चुकलेले गणित होते, सॉफ्टवेअरचे तेवढे नव्हे.

त्याच वर्षीच्या मार्चपासून लागू झालेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मध्ये विद्यापीठाच्या प्राधिकरणांत ‘माहिती तंत्रज्ञान मंडळ’ घातलेले आहे. जालावरच्या सेवा उभारण्यात त्याआधीपासून राज्याने २००१ मध्ये काढलेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) या कंपनीचा वाटा राहिला, आणि अलीकडे दिल्ली विद्यापीठात घडलेली ‘समर्थ’ ही विद्यापीठाचा कारभार सांभाळणारी केंद्रीय प्रणाली राज्यातल्या विद्यापीठांत आली आहे. मिशिगनमध्ये प्राध्यापकाच्या टेबलाखालच्या सर्व्हरशी होणारी ओढाताण इथे विद्यापीठ आणि महाविद्यालय यांच्यात होते. विद्यार्थ्याच्या नावातली चूक महाविद्यालयाच्या खिडकीवर सुधारायची की विद्यापीठाच्या, आणि सुधारल्यावर ती गुणपत्रिकेपर्यंत पोचते की नाही, यावर.